भरली मिरची : कृती आणि कारण

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर जे नेले, त्यातील सर्वांत टिकाऊ भाग कोणता असे विचारले, तर बहुतेक लोक भाषेचे नाव घेतील. परंतु बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील घरांतून पाहिले, तर उत्तर थोडे निराळे येते. मुले शाळेत हिंदी, गुजराती वा तेलुगू बोलू लागतात, नातवंडांची मराठी अडखळू लागते. तथापि दहीभाताच्या पानात तळलेली सांडगी मिरची पडली नाही, तर घरातील वडीलधाऱ्यांना जेवण अपुरे वाटते. उभी चिरलेली, मसाला भरलेली, उन्हात वाळवून बरणीत ठेवलेली आणि ऐन पानाच्या वेळी तेलात तळलेली ही मिरची. तिला खर्च थोडा लागतो आणि ती साध्या जेवणाला पूर्णता आणते.

आज ही मिरची अनेक घरांत विकत आणली जाते, किंवा येतच नाही. वेळ नाही, अंगण नाही, गच्ची नाही, ही कारणे खरी आहेत. पण ती पुरी नाहीत. आणखी एक कारण आहे, आणि त्याचा विचार क्वचितच होतो. सासूने सुनेला, आईने मुलीला मिरचीची कृती सांगितली. परंतु त्या कृतीतील प्रत्येक गोष्ट तशीच का करावयाची, हे सांगितले नाही. कोकणातील किंवा देशावरील कृती जशीच्या तशी ग्वाल्हेरच्या लूमध्ये किंवा गोव्याच्या दमट हवेत केली की मिरची बिघडते. ती वरून कडक होते आणि आतून ओली राहते, बुरशी धरते, तळताना काळी पडून कडू लागते. मग “आमच्या हाताला हे येत नाही” असे म्हणून तो विषय त्या घरातून कायमचा संपतो. वस्तुतः दोष हाताचा नसतो. जागा बदलली, हवा बदलली, मिरचीची जात बदलली; आणि कृती मात्र बदलली नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जिला परंपरागत म्हणून जपावयाचे, ती मिरची स्वतःच परकी आहे. तिचे मूळ अमेरिका खंडात. कोलंबस १४९२ साली त्या खंडाच्या बेटांवर पोहोचला, वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतरच्या काळात पोर्तुगीज व्यापाराबरोबर मिरची ह्या देशाच्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्याकडील तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले ह्यांवर चालत असे. नव्या पाहुणीला लोकांनी जुन्या ओळखीचेच नाव दिले. मराठीतील ‘मिरची’त मिरी आहे, गोव्यातील ‘मिरसांग’ शब्दात ती आहे, गुजरातीत मिरीला ‘मरी’ आणि मिरचीला ‘मरचुं’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘मेणसु’ म्हणजे मिरी, आणि ‘मेणसिनकायी’ म्हणजे मिरची. तेलुगूतील ‘मिरपकाय’चीही तीच गोष्ट. सीमाभागात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर हे शब्द रोज पडतात. त्या सर्वांमध्ये एकच इतिहास आहे. परकी वस्तू आपल्या घरात रुजली ती प्रत्येक प्रांताने आपापल्या हवेप्रमाणे आणि चवीप्रमाणे तिला वागवले म्हणून. तेव्हा तिच्या कृतीतही बदल करण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे. मात्र तो समजून केलेला बदल असावा.

समजण्याची पहिली गोष्ट म्हणजे मिरचीचा तिखटपणा. तो बियांमध्ये असतो, असा सार्वत्रिक समज आहे. खरे पाहता ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, त्या शिरेत हा तिखट पदार्थ तयार होतो. बियांना तो तिच्या सहवासाने लागतो. शास्त्रज्ञ त्यास कॅप्सेसिन म्हणतात. म्हणून मिरची सौम्य करावयाची असेल तर केवळ बिया झटकून उपयोग नाही. सुरीच्या टोकाने ती पांढरी शीर काढावी लागते. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. तिखट लागल्यावर पाणी पिऊन आराम पडत नाही आणि दूध, दही किंवा ताक घेतल्यावर पडतो, ह्याचे कारण येथेच आहे. दहीभाताशी ह्या मिरचीची जी जोडी जमली, ती काही योगायोगाने जमलेली नाही.

मराठीत “तिखटाने तोंड भाजले” असे म्हणतात, आणि तो शब्दप्रयोग शास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे. आपल्या शरीरातील ज्या सूक्ष्म रचनेला सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवते, त्याच रचनेला मिरचीतील हा पदार्थ जागे करतो. त्यामुळे भाजले नसतानाही भाजल्यासारखे वाटते. ह्या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पक्ष्यांमध्ये ही रचना मिरचीला दाद देत नाही. म्हणूनच पिंजऱ्यातील पोपट हिरवी मिरची आवडीने खातो आणि त्याचे डोळे भरून येत नाहीत.

आता मिरचीची निवड. वाळवून तळण्यासाठी मिरची मध्यम तिखट, जाड सालीची, पोपटी रंगाची, सरळ आणि बोटाएवढी लांब असावी. अति तिखट, बारीक मिरचीत मसाला मावत नाही आणि ती खाववत नाही. अगदी मांसल मिरची वाळावयास फार दिवस घेते आणि तेवढ्यात सडते. प्रत्येक गावी अशी मिरची वेगळ्या नावाने मिळते. गुजरातेत वढवाणी मिरची लठ्ठ आणि सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे; तिच्यातील ओलावा अधिक, म्हणून बडोद्याच्या घरांनी तिला उन्हाचा एखाद-दुसरा दिवस जास्त द्यावा. इंदूरच्या लोकांना निमाड जवळ आहे. खरगोन जिल्ह्यातील बेडिया येथील मिरचीची मंडी मोठी आहे. परंतु तेथील बरीचशी मिरची लाल वाळवण्यासाठी असते. भरण्यासाठी हिरवी असतानाच निवडून घ्यावी लागते. बेळगावच्या बाजारात ब्याडगी मिरचीचे नाव मोठे आहे. पण तिचे गुण लाल रंगाचे आणि सुरकुतलेल्या सालीचे. भरण्याच्या कामी तिचा आग्रह धरू नये. गोव्यात काणकोणकडील खोला मिरचीचीही गोष्ट अशीच. नावाजलेली मिरची प्रत्येक कामाला योग्य असतेच असे नाही.

१ किलो मिरचीस लागणारे साहित्य असे : धने १०० ग्रॅम, मेथ्या २५ ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, मोहरी २५ ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम, हळद २ चमचे, चांगला हिंग १ चमचा आणि आंबट, घट्ट दही पाव किलो. मिरच्या देठासकट धुऊन कोरड्या फडक्याने एकेक पुसाव्यात आणि तासभर सावलीत पसराव्यात. वरचे पाणी तसेच राहिले तर मसाला पातळ होतो आणि वाळण्याचा एक दिवस वाया जातो. नंतर प्रत्येक मिरचीला एकाच बाजूने उभी चीर द्यावी; देठाखाली आणि टोकापाशी थोडी जागा अखंड ठेवावी. ह्या चिरेची कामे तीन. तिच्यातून मीठ आत शिरते, आतला ओलावा बाहेर पडतो, आणि तळताना वाफेला वाट मिळते. न चिरलेली मिरची गरम तेलात टाकली, तर आत कोंडलेली वाफ ती फोडते आणि तेल अंगावर उडते. देठ ठेवावयाचे ते मिरची एकसंध राहावी आणि तळताना-खाताना धरावयास सोपे जावे म्हणून.

धने, जिरे आणि मेथ्या मंद आचेवर कोरडे भाजून भरड कुटावे. मेथ्या लाल होऊ देऊ नयेत; त्या जळल्या की त्यांचा कडूपणा सगळ्या बरणीला लागतो. मोहरी न भाजता कुटावी. मग हळद, हिंग, मीठ आणि दही घालून घट्ट लगदा करावा आणि तो मिरच्यांत दाबून भरावा. ह्यात मीठ आणि दह्याचा आंबटपणा ही नुसती चव नाही. मीठ मिरचीतील पाणी ओढून काढते. मीठ आणि आम्ल मिळून सडवणाऱ्या जंतूंना आवर घालतात. म्हणून “हल्ली मीठ कमी खावे” ह्या विचाराने येथील मीठ निम्मे करणे धोक्याचे आहे. मीठ कमी करावयाचे असेल तर ते पानात करावे. एकाऐवजी अर्धी मिरची वाढावी, आणि ती ज्या भाताबरोबर खावयाची त्यात मीठ घालू नये.

भरलेल्या मिरच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवाव्यात. आंबट पदार्थ पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात कळकतो आणि विषारीही होतो. सकाळी भांड्याच्या तळाशी रस सुटलेला दिसेल. तो फेकू नये. मिरच्या ताटात पसरून दिवसभर उन्हात ठेवाव्यात आणि सायंकाळी पुन्हा त्याच रसात घालाव्यात. दोन-तीन दिवसांत सगळा रस मिरच्या पिऊन टाकतात. त्यानंतर त्या केवळ वाळवावयाच्या. कर्नाटकात ह्याच धर्तीवर ताकातली मिरची करतात, तिला ‘बाळक’ म्हणतात. आंध्र-तेलंगणातही ताकात भिजवून वाळवलेली मिरची घरोघरी असते. बेळगाव आणि हैदराबाद येथील मराठी घरांना दही महाग वाटले, तर शेजारणीप्रमाणे आंबट ताक घ्यावे. तत्त्व तेच आहे.

वाळवण्याच्या बाबतीत मात्र एका गावाचा नियम दुसऱ्या गावी चालत नाही. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लू वाहते. अशा हवेत मिरचीची साल एका दिवसात कडक होते आणि आतील मसाला ओलाच राहतो; कडक झालेल्या सालीतून मग तो ओलावा बाहेर येत नाही. त्यासाठी तेथे पहिले दोन दिवस केवळ सकाळचे ऊन द्यावे, वर पातळ मलमल पसरावी म्हणजे धूळही बसत नाही, आणि रात्री मिरच्या घरात झाकून ठेवाव्यात. रात्रभरात आतला ओलावा सालीपर्यंत येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उडून जातो. बेळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव अवचित कोसळतो. तेथे हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. गोव्यात ऊन असले तरी हवा दमट असते. दुपारी वाळलेली मिरची सायंकाळच्या वाऱ्याने पुन्हा मऊ पडते. म्हणून तेथे ऊन उतरण्यापूर्वीच ताटे आत घ्यावीत. ज्यांना सदनिकेत ऊनच मिळत नाही, त्यांनी रस आटल्यावर विजेची भट्टी ६० अंशांवर ठेवून, तिचे दार किंचित उघडे टाकून, काही तास मिरच्या वाळवण्यास हरकत नाही. उन्हाचा गंध येत नाही. पण मिरची टिकते.

मिरची वाळली कशी ओळखावी? देठ वाकवला असता कट्‌कन मोडला पाहिजे, आणि मिरची हलवली असता आत खुळखुळ वाजले पाहिजे. उन्हातून आणलेली गरम मिरची लगेच बरणीत भरू नये. गरम मिरचीची वाफ झाकणाखाली जमून पुन्हा ओलावा होतो. पावसाळ्यात एखादा लख्ख दिवस मिळाला तर बरणी रिकामी करून तिला ऊन दाखवावे. आणि येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. मिरचीवर पांढरी, हिरवट किंवा काळी बुरशी दिसली, तर ती पुसून मिरची वापरण्याचा मोह टाळावा. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशींपासून यकृताला घातक असे विष तयार होते, आणि ते नेहमीच्या तळण्याने नाहीसे होत नाही. पुष्कळ घरांत वस्तू फेकणे हे पाप मानतात. परंतु अशी मिरची फेकणे हाच विवेक होय.

तळण्याचे काम क्षणाचे असले तरी तेथेच सर्वाधिक मिरच्या बिघडतात. तेल मध्यम तापवावे. एक मिरची टाकून पाहावी. ती तळाशी जाऊन लगेच फुलून वर आली तर तेल योग्य आहे, पडताक्षणी काळवंडली तर तेल जास्त तापले आहे. एका वेळी पाच-सहाच मिरच्या टाकाव्यात, आणि त्या तांबूस होताच, पुऱ्या लाल होण्याची वाट न पाहता, काढाव्यात. बाहेर आल्यावरही आतील उष्णतेने त्यांचा रंग चढत राहतो. ग्वाल्हेरकडे मोहरीचे तेल वापरतात. ते आधी कडकडीत तापवून, मग थोडे निववून घ्यावे. तळताना खिडकी उघडी ठेवावी, कारण मिरची जळली की तिचा तिखट अंश धुराबरोबर हवेत जातो आणि सगळ्या घराला ठसका लागतो. दम्याचा विकार असलेल्या माणसाला त्या वेळी दूर बसवावे.

हातांची गोष्ट ह्याच्याइतकीच महत्त्वाची आहे. किलोभर मिरच्या चिरणाऱ्या बाईचे हात रात्रभर जळतात, आणि ते सोसणे हा जणू कामाचाच भाग, अशी समजूत आहे. ती समजूत सोडून द्यावी. तिखट अंश तेलात विरघळतो हे एकदा कळले की उपाय आपोआप सुचतो. काम करण्यापूर्वी हातांना तेल लावावे किंवा रबरी हातमोजे घालावेत. काम झाल्यावर पुन्हा तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने ते तिखट निघत नाही, पसरते. तो हात डोळ्यांना आणि लहान मुलांना लावू नये. एवढे ज्ञान पूर्वीच घरोघरी असते, तर कित्येक पिढ्यांची आग वाचली असती.

वाळवणाचे दिवस नसतील तेव्हा ओली भरली मिरची आहेच. तिच्यात बेसन थोड्या तेलावर खमंग भाजून, त्यात धनेजिरेपूड, तीळ, दाण्याचे कूट, सुके खोबरे, मीठ, चवीपुरता गूळ आणि लिंबाचा रस घालतात. येथे बेसनाचे काम मिरचीतून सुटणारा रस शोषून घेण्याचे आहे. म्हणून सारण कोरडेच असावे. पसरट तव्यात थोड्या तेलावर प्रथम झाकण ठेवून साल मऊ करावी, आणि नंतर झाकण काढून ओलावा उडवून ती खरपूस करावी. गुजराती शेजारणीच्या ‘भरेलां मरचां’त साखर-गूळ अधिक असतो, माळव्याकडील ‘भरवाँ मिर्च’मध्ये बडीशेप आणि आमचूर येते, आणि हैदराबादेत मिरचीत चिंच व ओवा भरून, ती बेसनाच्या पिठात बुडवून भजी तळतात. ही सर्व एकाच कुटुंबातील भावंडे होत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत हीच युक्ती कैरीला लावून, चिरून मीठ-मसाला भरलेले ‘मिस्कूट’ हे लोणचे करतात, आणि पावसाळ्यातील पेजेबरोबर ते खातात. पावसापूर्वी करावयाच्या बेगमीला तेथे ‘पुरुमेंत’ म्हणतात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्तात त्यासाठी बाजारच भरतो. चार महिने पाऊस कोसळत असताना घरात कालवण नसले तरी पान रिकामे राहू नये, ही त्यामागची चिंता. सांडग्या मिरचीमागेही तीच चिंता आहे. ती गरिबीतून आलेली युक्ती आहे, आणि तिचा कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके काही आजची नाहीत. १८७५ साली ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ आले, आणि १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी पोहोचवले. ह्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. परंतु पुस्तक ज्या गावी लिहिले गेले त्या गावची हवा वाचकाच्या गावी नसते. तो फरक घरातील जाणत्या माणसालाच भरून काढावा लागतो.

त्यासाठी करावयाचे काम थोडेच आहे. ज्या घरात सांडगी मिरची करणारी एखादी आजी, आत्या किंवा काकू अजून आहे, त्या घराने येत्या उन्हाळ्यात एक किलो मिरची आणावी आणि मुलींना व मुलांनाही तिच्याजवळ बसवावे. ती जे जे करील, त्याच्यापुढे “हे असेच का?” हा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहून घ्यावे. उत्तर कधी “आमच्याकडे असेच करतात” एवढेच येईल. तेव्हा एक लहान ताट निराळ्या रीतीने करून पाहावे, म्हणजे कारण आपोआप कळेल. अशी वही ज्या मुलाजवळ असेल, तो पुढे नोकरीसाठी आणखी दूर, निराळ्या हवेच्या आणि निराळ्या मिरचीच्या गावी गेला, तरी त्याच्या पानात ही मिरची राहील. कारण त्याच्याजवळ केवळ माप नसेल, त्या मापाचा अर्थ असेल.